सकाळी विहिरीत पाणी असायचं

केडगावच्या विहिरींची गोष्ट सांगायचा मान आमच्या घरात आजीचा होता. दुसऱ्या कुणी ती सुरू केली की आजी हात वर करायची, "थांब, तुला नीट येत नाही," आणि स्वतः सांगायला घ्यायची. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात दोन हजारांच्या आसपास बायका-मुली. शंभरावर गुरं. इमारतींचं बांधकाम चालू, त्याला वेगळं पाणी. आभाळ कोरडं. दिवसभर उपसा चालायचा आणि संध्याकाळी विहिरीत वाकून बघावं तर तळाचे दगड दिसायचे. उद्याचं काय, हे सगळ्यांच्या मनात. बोलून कुणी दाखवायचं नाही. रात्री प्रार्थना करून निजायचं. सकाळी विहिरीत त्या दिवसापुरतं पाणी. संध्याकाळी परत तळ, सकाळी परत पाणी.

"पावसाळा येईपर्यंत असंच," आजी म्हणायची. "एक दिवस देवानं जास्तीचं दिलं नाही, की एक दिवस चुकवलं नाही."

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, पण हाडाचे शेतकरी. ते पलीकडून हळूच म्हणायचे, "अगं, आपल्याकडच्या खडकाला फटी असतात. रात्री उपसा बंद, पाझर चालू. सकाळी पाणी चढणारच."

"आणि पाझर कुणी ठेवला?" आजी विचारायची. आजोबा यावर कधी बोलले नाहीत. त्यांना उत्तर सुचत नव्हतं असं नाही, पण जेवण वाढणारी तीच होती.

ही गोष्ट आजीला तिच्या आईनं सांगितलेली, म्हणजे माझ्या पणजीनं. पणजी त्या विहिरींचं पाणी प्यायलेली बाई. मी ही गोष्ट लहानपणी ऐकली ती इसापच्या गोष्टींच्या शेजारी ठेवून दिली होती. कॉलेजात असताना पंडिता रमाबाईंची १९०७ सालची इंग्रजी साक्ष हाती आली. त्यात रमाबाईंनी स्वतः विहिरींची हकीकत लिहिलेली निघाली: संध्याकाळी दिसणारा तळ, सकाळचं नवं पाणी. आजीला वाचून दाखवली, तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "मग मी काय खोटं सांगत होते?" एवढंच म्हणाली.

ख्रिस्ती घरात वाढलेल्याला 'एक-एक दिवस देवाच्या हवाली' हे बोलणं नवीन नसतं. ते उपदेशात असतं, कौटुंबिक प्रार्थनेत असतं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागायची ती आजच्यापुरती, हे तर रविवारच्या शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. पण आमच्याकडं, म्हणजे नगर-पुण्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत, हा विश्वास पुस्तकातून कमी आला आणि दुष्काळातून जास्त आला, असं मला वाटतं. तो कसा आला, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींतून जेवढं कळतं तेवढं उपदेशातून कळत नाही.

पणजी गुजरातेतली. विक्रम संवत १९५६चा दुष्काळ, म्हणून तिकडं त्याला छप्पनियो म्हणतात. आपल्या हिशेबानं १८९९-१९००. तेव्हा ती सहा-सात वर्षांची असावी. वय नक्की सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. गावाचं नावही तिला पक्कं आठवायचं नाही, नदीचं आठवायचं. बाप आधी गेला. आई एका झाडाखाली बसली ती उठली नाही. हिच्या कडेवर धाकटा भाऊ. रमाबाईंनी तेव्हा आपल्याकडच्या बायका गुजरात-काठेवाडकडं पाठवल्या होत्या, अनाथ मुली शोधून आणायला. त्यांतल्या एकीनं या दोघांना आगगाडीत बसवलं. भाऊ वाटेतच गेला. केडगावच्या स्टेशनावर उतरली ती एकटी.

उतरल्यावर सगळ्यांची डोकी भादरली, अंगाला तेल लावून आंघोळ घातली आणि वाटीभर पेज दिली. तिनं आणखी मागितली. दिली नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर घातलं तर माणूस दगावतो, हे त्या सांभाळणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. या पोरीला कुठून ठाऊक असणार? देव असा कसा, वाटीभरच देतो, असं तिला वाटलं. मुक्तीत आल्यावर कित्येक मुली गेल्या, त्यांना काळजी घेऊनही वाचवता आलं नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी हातात अख्खी भाकर पडली. तिनं अर्धी खाल्ली, अर्धी कपड्याच्या घडीत लपवली. सगळ्याच लपवायच्या. अंथरुणं झटकली की वाळके तुकडे खाली पडायचे, मुंग्या लागायच्या, उंदीर यायचे. मग देखरेखीवरच्या बाईनं रात्री सगळ्यांना बसवून मान्नाची गोष्ट सांगितली. इस्राएल लोक रानात असताना आकाशातून अन्न पडायचं, ज्यानं त्यानं रोजच्यापुरतं गोळा करायचं. ज्यांनी उद्यासाठी ठेवलं त्यांच्या ठेवणीत किडे पडले. मुली कान देऊन ऐकत होत्या. गोष्ट संपली, 'आमेन' झालं, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणांत तेवढेच तुकडे सापडले.

मला हा भाग फार आवडतो. आजीलाही आवडायचा, ती हसत हसत सांगायची. कारण पणजीची ती सवय जन्मात सुटली नाही. मुक्तीत ती लिहाय-वाचायला शिकली, मागावर बसली, पुढं लग्न होऊन नगरकडं आली, सहा लेकरांची आई झाली, मंडळीत तिच्या प्रार्थनेला मान होता. पण तिच्या पदराच्या गाठीला भाकरीचा चतकोर तुकडा असायचाच. रोज दिवेलागणीला ती गाठ सोडायची, तुकडा चुरून कोंबड्यांना टाकायची, आणि सकाळी पहिली भाकर तव्यावरून उतरली की त्यातला नवा तुकडा बांधायची. शिळा तुकडा तिनं कधी दुसऱ्या दिवसावर नेला नाही. "आईचा भरवसा देवावर आणि तुकडा पदराला," आजी म्हणायची. पणजीला कुणी याबद्दल छेडलं तर तिचं एकच उत्तर असायचं: "देव देतो. मी फक्त धरून ठेवते."

ज्या बाईंनी पणजीला वाचवलं त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक भाकर होती. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांच्या रोषाचे धनी झालेले. सगळं कुटुंब तीर्थं करीत, पुराणं सांगत देशभर पायी हिंडायचं. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. अंगावरचे दागिने गेले, भांडी गेली, शेवटचे तांदूळ संपले. मरायचंच तर रानात जाऊन मरू म्हणून ही माणसं रानात गेली आणि अकरा दिवस पाला, पाणी आणि मूठभर रानखजुरांवर राहिली. वडील गेले. थोड्याच दिवसांत आईही गेली. आई शेवटच्या घटका मोजत असताना रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. मागायची सवय नसलेली शास्त्र्याची पोर. दारात उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईनं मायेनं तुकडा दिला, पण आईच्या पोटात तो गेला नाही.

हे रमाबाईंनी १८९७ सालच्या दुष्काळाच्या निमित्तानं लिहिलं, तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. म्हणजे ती भाकर त्यांनी वीस वर्षांहून जास्त मनात वागवली होती. मध्यंतरी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, लग्न झालं, मनोरमा झाली, दोन वर्षांच्या आत पती पटकीनं गेले, पुण्यात आर्य महिला समाज निघाला, इंग्लंडला जाऊन १८८३ साली बाप्तिस्मा झाला, अमेरिका झाली, ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं. हा सगळा इतिहास मराठी वाचकाला शाळेपासून माहीत आहे. मला त्यातली एकच बाजू इथं हवी आहे: पैशाची.

शारदा सदनाला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा पैसा होता, दहा वर्षांच्या वायद्यानं. ही दहा वर्षं संपली की काय, हे रमाबाईंनी डोळ्यांआड केलं नाही. त्यांनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. झाडं धरली, फळं विकली गेली, तर सदनाचा खर्च निघेल असा तो चोख हिशेब. चमत्काराच्या गोष्टीत विहिरी येतात; त्या विहिरी आधी खोदून ठेवल्या होत्या, आणि त्या खोदताना दुष्काळाचं नावही नव्हतं, हे मात्र आजीनंसुद्धा कधी सांगितलं नाही. मला ते वाचल्यावर कळलं, आणि कळल्यावर गोष्ट कमी झाली असं वाटलं नाही.

त्याच सुमारास त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. म्युलर हा मूळचा प्रशियाचा. १८३६ साली त्यानं ब्रिस्टलमध्ये अनाथालय काढलं, आणि १८७० पर्यंत त्याच्या पाच मोठ्या इमारतींत दोन हजार मुलांची सोय झाली होती. लोकांकडं पैसा मागायचा नाही, कर्ज काढायचं नाही, जे लागेल ते फक्त देवाजवळ मागायचं, हा त्याचा नेम. आपल्याकडच्या उपदेशकांचा तो फार लाडका. सकाळी तीनशे मुलं रिकाम्या ताटांपुढं बसली आहेत, म्युलर देवाचे आभार मानतो आहे, आणि तेवढ्यात पाववाला दार वाजवतो, पाठोपाठ दूधवाल्याची गाडी दारात मोडते, ही गोष्ट मी वेगवेगळ्या पाळकांकडून ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी मुलांचा आकडा वेगळा होता. पण हाच म्युलर आल्या-गेल्या पै-पैचा हिशेब ठेवून दरवर्षी छापायचा, हे एकाही पाळकाच्या तोंडून आलं नाही. परदेशात देवावर असा भरवसा टाकता येतो तर हिंदुस्थानात का येणार नाही, असा प्रश्न रमाबाईंना तेव्हा पडला होता.

उत्तर वेगळ्याच वाटेनं आलं. त्यांच्या पंधरा मुली ख्रिस्ती झाल्या तेव्हा त्यांनी देवाजवळ या पंधराचा वर्ग मागितला, म्हणजे २२५. गणितातली प्रार्थना! शास्त्र्याच्या मुलीलाच सुचावी. आणि मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यानं मरून पडत होती. रमाबाई तिकडं गेल्या, आणि स्वतःचं लहानपण त्यांना जागोजाग भेटलं. तीनशेच्या आसपास मुली घेऊन त्या परतल्या. हातात एवढ्यांच्या पोटाची तरतूद नव्हती. सदन तेव्हा पुण्यात होतं; तिथं प्लेग, एवढ्या मुली ठेवायला सरकारची परवानगी मिळेना. मग सगळ्यांना केडगावच्या मळ्यावर हलवलं, झोपड्या उभ्या केल्या. ज्या झाडांची फळं विकून वायद्यानंतरचा खर्च चालवायचा होता, ती झाडं धरायच्या आधी त्यांच्याभोवती माणसांचं गाव वसलं. दहा वर्षांचा आराखडा होता तो असा एका उन्हाळ्यात दिवसावर आला. तीन वर्षांनी गुजरातेतून आणखी मुली आल्या, त्यांत आमची पणजी.

आता एक अवघड गोष्ट. मी शाळेत असताना एका मुलीनं मला भर वर्गात म्हटलं होतं, "तुम्ही भाकरीसाठी बाटलेले." नगर जिल्ह्यात हे ऐकून न वाढलेला ख्रिस्ती माणूस विरळा. १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या गावोगाव वाढल्या. रस्त्यांवर काम, मुलांना शाळा, पोटाला ज्वारी हे सगळं त्या वाढीत होतं, आणि महारवाड्या-मांगवाड्यांत माणूस म्हणून दारात उभं करून घेतलं जाणंही होतं. रडत घरी आले. आजोबांनी मला मिशनचा सगळा इतिहास समजावून सांगायला घेतला, १८१३ साली मुंबईत, १८३१ साली नगरला, असा. आजी चुलीपुढून उठून आली. "तिला म्हणावं हो," ती म्हणाली. "भाकरीसाठीच. माझ्या आईची आई झाडाखाली मेली तेव्हा तुमच्या गावातलं कोण गेलं होतं भाकर घेऊन?" आणि परत चुलीकडं गेली. मी दुसऱ्या दिवशी शाळेत ते म्हटलं नाही. तेवढी हिंमत नव्हती. पण तेव्हापासून भाकरीसाठी देवाजवळ आलेल्या माणसाचा विश्वास कमी दर्जाचा, ही गोष्ट मी मनातून काढून टाकली आहे. भरल्या पोटी तत्त्वज्ञान पटून आलेल्यापेक्षा तो पुष्कळदा जास्त दिवस टिकतो.

आजोबांचं दैवत वेगळं होतं. नारायण वामन टिळक. टिळकांची भजनं त्यांना पाठ, टिळकांचा १८९५ सालचा बाप्तिस्मा, घरच्यांचा तुटलेला संबंध, पत्नी लक्ष्मीबाईंचं पाच वर्षांनी येणं, हे सगळं ते असं सांगत की जणू शेजारच्या वाड्यात घडलं. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. पगार नाही, ठरलेली मिळकत नाही, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं आणि देव रोज जे देईल त्यावर चालायचं. आजोबा हे सांगताना डोळे मिटून घेत.

आजी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेली बाई. आमच्याकडचे चारही भाग तिच्या हाताने मळलेले होते. ती म्हणायची, "टिळकांचं दैवी आहे, खरं. पण लक्ष्मीबाईंच्या मडक्यात काय होतं ते बघा की." टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही. कुणी गरजवंत दिसला की खिसा रिकामा. घरात कुणालाही घेऊन यायचे, अनाथ मुलांनाही. त्यांना उद्याची काळजी नसे, कारण ती दुसरी कुणी करत होती. उद्याची काळजी सोडायला सांगणाऱ्या पुरुषामागं बहुतेक वेळा एक बाई असते जी पिठाचा डबा हलवून बघते. लक्ष्मीबाईंनी हे इतक्या हसतमुखानं लिहिलं आहे की वाचणारा हसतो आणि पुढं जातो. मला वय वाढेल तसं त्या हसण्यामागचं दिसायला लागलं आहे. टिळकांचा विश्वास खोटा होता असं मी म्हणत नाही. पण एका घरात एकाच माणसानं उद्याची चिंता टाकली तर ती नाहीशी होत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.

रमाबाईंचं मोठेपण मला इथं वाटतं. त्यांच्याकडं टिळक आणि लक्ष्मीबाई एकाच अंगात होते. गुडघ्यावर बसणाऱ्या त्याच, आणि कोठीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याही त्याच. मुक्तीत माग होते, घाणा होता, गोठा होता, शिवण होतं, छापखाना होता. प्रार्थना करून निजायचं आणि पहाटे घंटा झाली की उठून मोटेला बैल जुंपायचे. १९०५ साली तिथं जे आत्मिक जागरण झालं त्याबद्दल जगभर लिहिलं गेलं. मोटेच्या बैलांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

मी स्वतः पाहिलेला दुष्काळ १९७२चा. नेवासे तालुक्यातलं आमचं गाव. ज्वारी बाजारातून दिसेनाशी झाली आणि रेशनवर लाल मिलो आली, अमेरिकेहून. तिच्या भाकरी थापताना तुटायच्या, रंगानं विटेसारख्या, खाल्ल्या की घशाशी अडायच्या. शाळेत सुकडी मिळायची. गावातल्या बाया-माणसं खडी फोडायला जायची, माझी आईसुद्धा गेली. रोज रात्री आजोबा कंदील मोठा करून बायबल वाचायचे, आजी प्रार्थना करायची आणि प्रार्थनेत विहिरीचं नाव घ्यायची. केडगावची गोष्ट मला पाठ होती. मी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून विहिरीवर पळत जायचे.

आमची विहीर भरली नाही. फेब्रुवारीत दोन हंडे निघायचे, मार्चात एक, मग गाळ. मी आजीला विचारलं, "आपली का नाही भरत?" तिनं मला जवळ घेतलं वगैरे काही नाही. ती म्हणाली, "खोल नाही तेवढी." दुसऱ्या आठवड्यात आजोबा, माझे वडील आणि शेजारचे दोघं दोर बांधून खाली उतरले. त्यांत एक मुसलमान होता, एक मराठा. पाणी लागलं तर तिन्ही घरांना, असं ठरलेलं. पहारी, सुतक्या, टोपलीनं वर येणारा मुरूम, मग दगड. आजी काठावर बसून राहायची आणि दोराची गाठ तपासायची, दर खेपेला, कुणी सांगितलं नसताना. बारा-तेरा फूट आणखी गेल्यावर एका कपारीतून ओल आली. करंगळीएवढी धार. आजोबांनी खालून ओरडून सांगितलं. आजीनं वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाली, "पाझर ठेवला होता बघा." आजोबा खालून हसल्याचं ऐकू आलं. त्या धारेवर तिन्ही घरांनी पाऊस येईपर्यंत दिवस काढले, रोज मोजून: घरटी तीन हंडे, चौथा कुणी भरायचा नाही.

सरकारी कामावर त्याच साली पाझर तलाव खोदले गेले, रस्ते झाले, पुढं रोजगार हमीचा कायदा आला. राज्यभर लाखो माणसांना त्या कामानं जगवलं. याला देवाची तरतूद म्हणायची की नाही, यावर आमच्या मंडळीत वाद झाला होता म्हणे. आजी त्यात पडली नाही. तिच्या दृष्टीनं हजेरीपत्रकावर अंगठा लागला की त्या दिवसाची भाकर आली, आणि आलेल्या भाकरीचे आभार मानायचे असतात.

पणजीच्या भावाचा प्रश्न मात्र राहतोच. साक्षीच्या सभांना मी लहानपणापासून जाते. उभं राहून साक्ष देणारा माणूस तो असतो ज्याला मिळालं. ज्याची विहीर भरली नाही, ज्याचं लेकरू आगगाडीत गेलं, तो उभा राहत नाही, आणि त्याला कुणी बोलवतही नाही. रमाबाईंच्या आईला भाकर पोचली नाही, हे रमाबाईंनी लिहून ठेवलं. नंतर देवानं दोन हजार जणींना पोचवली म्हणून आधीचं खोडून टाकलं नाही. मनोरमाच्या हाती मुक्ती सोपवायची असं त्यांच्या मनात होतं, तर तीच १९२१च्या जुलैत गेली. तेव्हा रमाबाई स्वतः थकलेल्या, कानांनी अधू, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर छापखान्यात. लेक गेली म्हणून मुद्रितं तपासायचं काम त्यांनी थांबवलं नाही. मुक्तीत सांगतात की शेवटी त्यांनी देवाजवळ दहाच दिवस मागितले, काम उरकण्यापुरते, आणि काम उरकलं त्या रात्री झोपेतच गेल्या. ५ एप्रिल १९२२. दहा दिवसांची गोष्ट मोजून कुणी पाहिली नसेल. पण मागणं मात्र त्यांच्यासारखंच आहे: लागेल तेवढंच, कामासाठी, आणि आकड्यात.

आजीनं एकदा पणजीला विचारलं होतं, "तुला भाकर दिली, मग तुझ्या भावाला का नाही?" पणजी त्या वेळी जात्यावर होती. जातं न थांबवता म्हणाली, "ते मी वर गेल्यावर विचारणार आहे. सोडणार नाही." ज्या विश्वासात देवाला असा जाब विचारायची सोय आहे तो मला खरा वाटतो. ज्यात सगळं आधीच पटलेलं असतं त्याच्याशी माझं फारसं जमत नाही.

मंडळ्यांमधून ऐंशी-नव्वदीची माणसं अजून आहेत, ज्यांच्या आई-आज्या केडगावला, नगरला नाहीतर आणखी कुठल्या मिशनात दुष्काळात येऊन पोचल्या. त्यांच्या गोष्टी पुढच्या नाताळाला विचारू म्हणून ठेवू नका. या आठवड्यात जा. चमत्कार ऐका, तो ती सांगतीलच. मग विहीर कुणी खोदली ते विचारा, पेज कोण वाढायचं ते विचारा, आणि गाडीत सोबत बसलेल्यांपैकी कोण उतरलं नाही त्याचं नाव विचारा. नाव माहीत असेल तर लिहून घ्या, तारखेसकट.